स्वभाव कीं व्याधि ?

स्त्रियांच्या मासिक धर्माविषयीं आपल्या भाषेंत शब्दांचा दुष्काळ आहे असें कोणी म्हणूं नये. 'बाहेरची होणें', 'कावळा शिवणें', 'दूर बसणें', 'अडचण येणें' अशीं किती तरी आडवळणाचीं नांवें आपल्या आज्यांनीं व पणज्यांनीं बनवून ठेविलीं आहेत. त्या चार दिवसांत लोणच्याच्या कोणत्या बरणीला हात लावूं नये, देवघरावरून कसें जावें, कोठें बसावें, हें ठरवितांना आपल्या समाजानें बुद्धीची मुळींच काटकसर केली नाहीं. परंतु या चार दिवसांच्या आधींचा जो आठवडा, ज्यांत कांहीं स्त्रियांचें मन अक्षरशः पाताळांत जातें, त्याविषयीं आपलें शास्त्र मुकें, भाषा मुकी, आणि घरहि मुकें. शरीराच्या विटाळासाठीं नियमांची संहिता आणि मनाच्या यातनांसाठीं एकच शब्द: 'स्वभाव'. 'तिचा स्वभावच तसा आहे' एवढें म्हटलें कीं घरच्यांची चौकशी संपली, शेजाऱ्यांची संपली, आणि पुष्कळदां डॉक्टरांचीहि संपली. या एका शब्दाविरुद्ध मला आज तक्रार करावयाची आहे. ज्यास आपण स्वभाव म्हणतों तो पुष्कळ ठिकाणीं व्याधि आहे. ती ओळखतां येते, तिजवर उपाय आहे. आणि ती न ओळखण्याची किंमत कधीं कधीं प्राणांनीं द्यावी लागते.

गैरसमज नको म्हणून आरंभींच मर्यादा घालून घेतें. पाळीपूर्वीं अंग जड होणें, छाती दुखणें, एखादा दिवस चिडचिड होणें, हें बहुतेक स्त्रियांच्या अनुभवाचें आहे व त्यास रोग म्हणण्याचें कारण नाहीं. मी ज्याविषयीं लिहीत आहें तें निराळें. डॉक्टरांच्या परिभाषेंत त्यास 'प्रीमेन्स्ट्रुअल डिस्फोरिक डिसऑर्डर' असें लांबलचक नांव असून 'पीएमडीडी' या आद्याक्षरांनीं तें ओळखलें जातें. या लेखापुरतें मी त्यास 'ऋतुपूर्व विषाद' म्हणेन. यांत पाळीच्या आधींच्या आठवड्यांत मन एकाएकीं काळवंडतें. क्षुल्लक शब्द जिव्हारीं लागतो. संताप आवरत नाहीं, किंवा कारण नसतां जीव धास्तावतो. झोंप, भूक व एकाग्रता बिघडते. आपण कोणाच्याच उपयोगाचे नाहीं असें वाटूं लागतें. पाळी सुरू होऊन दोनतीन दिवस लोटतात न लोटतात तोंच हें सारें मळभ ओसरतें, आणि तीच स्त्री गेल्या आठवड्यांत आपण काय बोललों, काय केलें, हें आठवून मान खालीं घालते. मग पंधरवडाभर ती सर्वांसारखी हंसते, काम करते, आणि पुन्हां तो आठवडा उजाडतो. अमेरिकेंतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनें २०१३ मध्यें प्रसिद्ध केलेल्या रोगनिदानाच्या ग्रंथांत, पाळी येणाऱ्या स्त्रियांपैकीं शेंकडा १.८ ते ५.८ स्त्रियांस हा विकार होतो असें नमूद आहे. म्हणजे शंभर मुलींच्या वर्गांत अशा दोन ते पांच मुली बसलेल्या असावयाच्या.

हा हिशेब मला माझ्याच पदरांत घातल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. मी पंचवीस वर्षांहून अधिक काळ महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय शिकवितें. इतक्या वर्षांत अशा किती मुली मीं ओळखल्या ? एकहि नाहीं. एक मात्र आपण होऊन ओळख देऊन गेली. दोन वर्षांपूर्वीं एक जुनी विद्यार्थिनी घरीं भेटावयास आली. आतां ती स्वतः नोकरी करते, संसार करते. चहा झाल्यावर ती म्हणाली, "बाई, तुम्ही मला दिलेल्या शिफारसपत्रांत एक वाक्य होतें. आठवतं का ?" मला आठवेना. तिला तें पाठ होतें. पत्र इंग्रजींत होतें, परंतु त्याचा अर्थ असा कीं, बुद्धि तल्लख आहे, मात्र स्वभाव लहरी आहे. "बाई, तो स्वभाव नव्हता," ती म्हणाली, "ती तारीख होती."

तिच्या विसाव्या वर्षापासून हें चाललें होतें. घरीं आई म्हणे, लग्न झालें म्हणजे निवळेल. लग्न झालें, सासूबाई म्हणाल्या, मूल झालें म्हणजे निवळेल. मूल झालें. मध्यंतरीं तीन डॉक्टर झाले, रक्ताच्या तपासण्या झाल्या. सर्व रिपोर्ट निर्दोष आले आणि त्यामुळें ती अधिकच दोषी ठरली. अखेर एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंनीं तिला औषध देण्यापूर्वीं दोन महिने रोजची नोंद ठेवण्यास सांगितलें, आणि पंधरा वर्षें जें कोणास दिसलें नव्हतें तें दोन पानांवर स्पष्ट उमटलें. मीं तिला विचारलें, सर्वांत वाईट काय होतें ? ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "दर महिन्याला एक दिवस असा यायचा, कीं त्या दिवशीं गच्चीवर जायचं नाहीं असं मीं ठरवून ठेवलं होतं."

ती गेल्यावर मीं कपाटांतून ट्यूटोरियलची जुनी टिपणवही काढली. तिच्या नांवापुढें खाडे होते. दोन सत्रांचे खाडे मीं बोटांनीं मोजले: कधीं सत्तावीस दिवसांनीं, कधीं अठ्ठावीस, कधीं सव्वीस. पुरावा माझ्याच हस्ताक्षरांत होता, आणि त्यावरून मीं निष्कर्ष काढला होता 'लहरी' असा. लहरी मनुष्याच्या लहरींस वेळापत्रक नसतें, एवढी साधी गोष्ट वाङ्मयांतील व्यक्तिरेखांचें पृथक्करण करण्यांत हयात घालविलेल्या बाईला सुचूं नये, याचा खेद मला अजून आहे.

कोणी म्हणेल, हें नवें थोतांड आहे. आमच्या वेळीं असें कांहीं नव्हतें. त्यांच्या वेळीं तें होतेंच, आणि त्याची नोंदहि होती. न्यूयॉर्कचे स्त्रीरोगतज्ज्ञ रॉबर्ट फ्रँक यांनीं १९३१ मध्येंच पाळीपूर्वींच्या या मानसिक ताणावर निबंध लिहिला; त्याच वर्षीं जर्मन मनोविश्लेषक करेन हॉर्नाय यांनींहि तोच विषय हाताळला. १९५३ मध्यें लंडनच्या कॅथरीना डाल्टन व रेमंड ग्रीन या डॉक्टरांनीं त्यास 'प्रीमेन्स्ट्रुअल सिंड्रोम' हें नांव दिलें, जें आज आपल्या मुलींच्या तोंडीं 'पीएमएस' म्हणून रुळलें आहे. पुढें १९८७ मध्यें अमेरिकन निदानग्रंथाच्या परिशिष्टांत याच्या तीव्र प्रकाराला जागा मिळाली, परिशिष्टांतून मुख्य ग्रंथांत येण्यास २०१३ साल उजाडलें, आणि जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ मध्यें स्वीकारलेल्या व २०२२ पासून अमलांत आलेल्या रोगसूचींत त्याची नोंद झाली. ज्या व्याधीला शास्त्राच्या उंबरठ्यावर इतकीं वर्षें तिष्ठावें लागलें, तिला आपल्या माजघरांत कोणी ओळखलें नाहीं याचें आश्चर्य नको. परंतु आतां शास्त्रानें दार उघडल्यावरहि आपण कडी लावून बसावें, हें क्षम्य नाहीं.

'रिपोर्ट चांगले आहेत, मग रोग कसला ?' हा प्रश्न आपल्या घरांत फार आदरानें विचारला जातो; कारण छापील कागदावर आपला वेदांइतका विश्वास. याचें उत्तर १९९८ मध्येंच मिळालें आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेंतील पीटर श्मिट व त्यांचे सहकारी यांनीं तीव्र त्रास होणाऱ्या कांहीं स्त्रियांच्या बीजकोशांचें कार्य औषधानें तात्पुरतें थांबविलें. ज्यांचा त्रास त्यामुळें नाहींसा झाला त्यांस मग इस्ट्रोजेन किंवा प्रोजेस्टेरॉन हीं संप्रेरकें बाहेरून दिलीं, त्रास परतला. निरोगी स्त्रियांवर हाच प्रयोग केला असतां त्यांच्या मनःस्थितींत कांहींच फरक पडला नाहीं. म्हणजे दोष संप्रेरकांच्या प्रमाणांत नाहीं. तीं सर्वांच्या रक्तांत सारखींच चढतात व उतरतात. कांहींजणींचा मेंदू त्या चढउताराला निराळा प्रतिसाद देतो. म्हणूनच रक्ततपासणी निर्दोष येते आणि स्त्री तरीहि आजारी असते. त्याच संस्थेच्या संशोधकांनीं २०१७ मध्यें अशा स्त्रियांच्या पेशींतील कांहीं जनुकांचें कार्य इतरांहून वेगळें चालतें असेंहि दाखविलें. ज्यास आपण मनाचा दुबळेपणा म्हणत आलों तो पेशींच्या पातळीवरचा फरक आहे. तो उपदेशानें जात नाहीं. मधुमेह उपदेशानें जात नाहीं तसाच.

आतां आक्षेपकांकडे वळूं. पहिला आक्षेप घरांतल्याच वडील स्त्रियांचा: 'आम्हीं नाहीं का सोसलें ?' या वाक्यासारखें निर्दय वाक्य मराठींत दुसरें नसेल, आणि तें बहुधा मायेनेंच उच्चारलें जातें. ज्या सोसूं शकल्या त्यांपैकीं बहुतेकींस हा विकार नव्हताच. शंभरांतील चौऱ्याण्णव किंवा अधिक स्त्रियांस तो नसतो. ज्यांस होता त्यांनीं काय सोसलें हें सांगावयास त्यांतील कित्येकजणी उरल्याहि नसतील. जुन्या वाड्यांतील विहिरींच्या ज्या कथा आपण कुजबुजत ऐकल्या, त्यांत कोणत्या सुनेची तारीख कोणी पाहिली होती ? हा माझा कल्पनाविलास समजूं नये. स्वीडनमधील सरकारी नोंदींच्या आधारें २०२४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत, पाळीपूर्व विकाराचें निदान झालेल्या स्त्रियांत आत्महत्येनें मृत्यु येण्याचा धोका इतर स्त्रियांच्या जवळजवळ दुप्पट आढळला. सोशिकपणा हा गुण खरा. परंतु दुसऱ्याच्या जिवावर आपण त्याचें कौतुक करावें हा कोणता न्याय?

दुसरा आक्षेप अधिक आदरणीय आहे, कारण तो स्त्रियांच्या कैवाऱ्यांचा आहे. महिन्यांतील एक आठवडा स्त्रीचें मन ठिकाणावर नसतें असें आपणच कबूल केलें, तर उद्यां तिला न्यायासनावर, शस्त्रक्रियेच्या टेबलाशीं किंवा विमानाच्या चक्राशीं कोण उभें राहूं देईल ? १९८७ मध्यें हा विकार परिशिष्टांत घालण्याचें ठरलें तेव्हां अमेरिकेंतील अनेक स्त्रीवादी विदुषींनीं हीच भीति बोलून दाखविली होती, आणि ती निराधार नव्हती. परंतु विचार करून पहा. पुरुष न्यायाधीशांपैकीं कांहींस रक्तदाब असतो, कांहींस मद्याचें व्यसन असतें. म्हणून पुरुषजातीला न्यायासनावरून कोणी उतरविलें नाहीं. उलट आज, रोगाचें नांव न घेतांच, सर्व स्त्रीजातीवर 'लहरी' हा शिक्का बसलेलाच आहे. शेंकडा पांचांचा आजार शंभरांचा स्वभाव ठरतो तो त्यास वेगळें नांव नसल्यामुळें. रोग ओळखला म्हणजे जातीवरचा आरोप गळून पडतो. आणि ज्या पांचजणी खरोखर आजारी आहेत, त्यांनीं उरलेल्या पंचाण्णवांच्या अब्रूसाठीं मुकाट्यानें जळत रहावें, हें स्त्रीवादाचें तत्त्व असूं शकत नाहीं.

तिसरा आक्षेप असा कीं, हा सारा औषधें विकणारांचा खेळ आहे. यांत तथ्यांश आहे, आणि तो मी लपविणार नाहीं. २००० मध्यें अमेरिकेंत एक जुनेंच औषध, फ्लुऑक्सेटीन, या विकारासाठीं मान्य झालें तेव्हां तें गुलाबी-जांभळ्या कुप्यांत भरून नव्या नांवानें बाजारांत आणण्यांत आलें. कारण जुन्या नांवाच्या मक्तेदारीची मुदत संपत आली होती. व्यापारी व्यापार करतो. परंतु वाण्यानें रंगीत पुडी बांधली म्हणून आंतली साखर खोटी होत नाहीं. फ्लुऑक्सेटीनचा गुण कॅनडांतील डॉक्टरांनीं १९९५ मध्येंच, कांहींजणींस औषध व कांहींजणींस नुसती औषधासारखी दिसणारी गोळी देऊन, ताडून पाहिला होता. त्यानंतर तशा प्रकारच्या औषधांच्या अनेक चाचण्या झाल्या, आणि त्यांचा एकत्रित निष्कर्ष औषधांच्या बाजूनें आहे. आज तें औषध आपल्याकडे साध्या नांवानें व स्वस्त मिळतें. पुडीवर राग धरून रोग्याला उपाशी ठेवण्यांत कोणतें शहाणपण ?

तेव्हां उपाय कोणते, हें स्पष्ट सांगणें प्राप्त आहे. पहिला उपाय औषध नव्हे, नोंद. रोज रात्रीं एक ओळ: मन कसें होतें, झोंप कशी, संताप किती, पाळीचा दिवस कोणता. असें निदान दोन चक्रें. या नोंदीवांचून निदान पक्कें होत नाहीं. कारण स्मरणशक्ति या बाबतींत फसविते. दुसरें, ती वही घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जावें. पंडुरोग, थायरॉईडचा दोष, किंवा महिनाभर असणारा व पाळीपूर्वीं नुसता बळावणारा नैराश्याचा विकार, यांतून हा विषाद निवडून काढणें त्यांचें काम आहे. तिसरें, मेंदूंतील सेरोटोनिनवर कार्य करणाऱ्या वर सांगितलेल्या वर्गांतील गोळ्या. नेहमींच्या नैराश्यांत त्यांचा गुण दिसण्यास कित्येक आठवडे लागतात. येथें तो थोड्या दिवसांतच दिसूं लागतो, म्हणून कांहीं स्त्रियांस त्या चक्राच्या उत्तरार्धापुरत्याच घेतल्या तरी चालतात. मळमळ, झोंपेंतील फरक, कामेच्छा मंदावणें असे त्रास होऊं शकतात. सर्वांनाच गुण येतो असेंहि नाहीं. आणि घेणें वा सोडणें हें डॉक्टरांच्याच सल्ल्यानें व्हावें. परंतु 'वेडाच्या गोळ्या' म्हणून त्यांची जी धास्ती आपल्याकडे आहे ती निव्वळ अज्ञानाची आहे. त्या खाल्ल्यानें कोणी वेडी होत नाहीं, आणि दारूसारखी त्यांची तलफहि लागत नाहीं.

चौथा मार्ग संततिनियमनाच्या विशिष्ट गोळ्यांचा, ज्यांत ड्रॉस्पिरेनोन असतें. अमेरिकेंत २००६ मध्यें त्यांस या विकारासाठीं मान्यता मिळाली. रक्तांत गुठळी होण्याचा थोडा धोका असल्यामुळें त्याहि विचारपूर्वकच द्यावयाच्या असतात. संभाषणानें होणारे मानसोपचार उपयोगी पडतात. पाळीपूर्वींच्या त्रासांत कॅल्शियमचा उपयोग होतो असें १९९८ च्या एका मोठ्या चाचणींत दिसलें आहे. व्यायाम व झोंप यांचें महत्त्व आहेच. मात्र बुडणाऱ्या मुलीला 'सूर्यनमस्कार घाल' एवढेंच सांगून आपण किनाऱ्यावर बसूं नये. हें सर्व थकलें तर बीजकोशांचें कार्य थांबविणारीं इंजेक्शनें आहेत, आणि अगदीं शेवटीं, क्वचित्, शस्त्रक्रिया. आणि ज्या दिवशीं गच्चीची भीति वाटते त्या दिवसासाठीं, जवळच्या माणसाला सांगणें व त्यानें सोबतीला बसणें हें तर आहेच, शिवाय १४४१६ हा सरकारी टेलि-मानसचा क्रमांक आहे. तो ऑक्टोबर २०२२ पासून चालूं असून दिवसरात्र विनामूल्य आहे, आणि त्यावर मराठींतहि बोलतां येतें.

आतां पुरुषवाचकांस दोन शब्द. हा लेख वाचून उद्यां बायकोनें आवाज चढवितांच 'तारीख जवळ आली वाटतं' असें म्हणण्यासाठीं कोणी त्याचा उपयोग करील, हें मी जाणतें. त्यांनीं लक्षांत ठेवावें कीं, नोंदवही दुधारी आहे. ती जसा रोग सिद्ध करते तसाच रोग नाहीं हेंहि सिद्ध करते. चिडचिड जर पाळीनंतरच्या आठवड्यांतहि तितकीच राहिली, तर कारण बीजकोशांत शोधण्याऐवजीं घरांत शोधावें लागेल. आणि तें पुष्कळदां आरामखुर्चींत बसून वर्तमानपत्र वाचतांना सांपडेल. स्त्रीच्या न्याय्य संतापाला रोग म्हणणें आणि रोगाला स्वभाव म्हणणें, हीं एकाच आळसाचीं दोन रूपें आहेत. तो आळस म्हणजे तिचें म्हणणें नीट ऐकून न घेण्याचा.

अशा विषयावर कुटुंबांत वाचल्या जाणाऱ्या मासिकांत लिहावें काय, अशीहि शंका कोणी काढील. रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालविलें, आणि त्यापायीं अश्लीलतेच्या आरोपावरून त्यांस न्यायालयांत उभें रहावें लागलें. त्यांच्या भाषेंत, त्यांच्याच शहरांत, इतक्या वर्षांनंतरहि पाळी हा शब्द छापतांना आपली लेखणी अडखळावी, यांत अश्लील काय असेल तर तें आपलें मौन.

माझी मागणी मोठी नाहीं. आपल्या बहुतेक स्वयंपाकघरांच्या भिंतीवर एक दिनदर्शिका टांगलेली असते. तिजवर दुधाचे खाडे लिहिलेले असतात, गॅसचें सिलिंडर कधीं लावलें तें असतें, एकादशी व संकष्टी छापलेल्याच असतात. घरांत कोण्या मुलीचें, सुनेचें, बहिणीचें मन महिन्याच्या ठराविक दिवसांत बुडतें असें दिसलें, तर तिला त्याच दिनदर्शिकेवर, किंवा उघड्यावर नको असेल तर तिच्या स्वतःच्या वहींत, एक लहानशी खूण करावयास सांगा. दोन महिने धीर धरा. आणि मग तिच्याबरोबर डॉक्टरांकडे जा. तिला एकटी पाठवूं नका. दुधाच्या खाड्याचा हिशेब आपण पैशासाठीं चोख ठेवतों. आपल्याच मुलीच्या आयुष्यांतील खाडे मोजावयास दोन महिने लागतात. माझ्या वहींत ते दोन सत्रें लिहिलेले होते, आणि मीं ते मोजले नाहींत.